घरचं मैदान, पाहुण्यांचा गोंगाट

पाचवा_डाउन

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधले लॉस एंजेलिस चार्जर्स २०१७ ते २०१९ हे तीन हंगाम शहराजवळच्या कार्सनच्या सॉकर मैदानावर खेळले. जेमतेम २७,००० खुर्च्या. १३ ऑक्टोबर २०१९ ला तिथे पिट्सबर्गचे स्टीलर्स आले तेव्हा स्टँडभर त्यांच्या चाहत्यांचे पिवळे टॉवेल गरगरत होते. २२ डिसेंबरला, त्या मैदानावरच्या चार्जर्सच्या शेवटच्या सामन्यात, ओकलंडच्या रेडर्सचा काळा-चंदेरी रंग. दोन्ही सामने चार्जर्स १७-२४ असेच हरले. त्या काळात स्वतःच्या मैदानावर, स्वतःकडे चेंडू असताना चार्जर्सना सायलेंट काउंट (गोंगाटात आवाजाऐवजी खुणेने चेंडू खेळात आणणं) वापरावा लागला. ही युक्ती परक्या मैदानावर वापरायची असते!

माझे प्रश्न तीन. तिकिटं यजमान क्लब विकतो, मग ती पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या हाती इतकी जातात कशी? पाहुणे निम्म्याहून कमी असले तरी खेळावर फरक पडतो का? आणि क्लबला हे थांबवता येतं का?

'चार्जर्सना चाहतेच नाहीत' हे एका ओळीचं उत्तर कृपया नको.

शेवटची_रांग

चार्जर्सना चाहतेच नाहीत.

गोदाकाठ

शेवटची_रांग, होते की. सॅन डिएगोत होते. १९६१ ते २०१६, तब्बल ५६ हंगाम. क्लब तिथून उचलून लॉस एंजेलिसला नेला तेव्हा जुने चाहते रागावून बाजूला झाले आणि नव्या शहरात जागा आधीच भरलेली होती.

ती कशी भरली ते बघा. रॅम्स आणि रेडर्स दोघांनीही १९९४ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिस सोडलं. रॅम्स परतले २०१६ मध्ये. मधले २१ हंगाम अमेरिकेतलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर संघाविना. त्या काळात वाढलेल्या पोरांनी टीव्हीवर जो दिसला तो संघ धरला: काउबॉइज, स्टीलर्स, पॅकर्स, नाहीतर बापाचा रेडर्स. रेडर्स १९८२ ते १९९४ याच शहरात खेळत होते, म्हणजे त्या २२ डिसेंबरला स्टँडमध्ये जे 'पाहुणे' होते त्यातले कित्येक वीस-तीस किलोमीटरवरून आले असणार. ओकलंडहून विमानाने नव्हे.

मोनोंगहेला_घाट

गोदाकाठशी सहमत, स्टीलर्सपुरती भर घालतो. पिट्सबर्गने १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत चार सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले आणि त्याच्या पाठोपाठच तिथले पोलाद कारखाने बंद पडत गेले. कामगार पोटासाठी टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना, कॅलिफोर्निया असे पांगले. सोबत काय नेलं? संघ, आणि टॉवेल. तो पिवळा टॉवेल १९७५ मध्ये समालोचक मायरन कोप यांनी काढला. पुढे १९९६ मध्ये त्यांनी त्याचे हक्क अॅलेघेनी व्हॅली स्कूल या अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. टॉवेल स्वस्त, खिशात मावतो, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात एक माणूस तिघांएवढा दिसतो. त्यामुळे स्टीलर्सचा आकडा डोळ्यांना नेहमी थोडा फुगलेलाच वाटतो. फोटो बघून 'सत्तर टक्के पाहुणे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

डॅलसच्या काउबॉइजचं कारण वेगळं. १९६६ पासून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी त्यांचा सामना ठरलेला. सगळा देश घरी, टीव्ही चालू, समोर डॅलस.

ध्वनिमापक

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. बहुमत लागतच नाही.

सगळं मैदान ओरडलं तर जो आवाज होतो, त्याच्या निम्मे लोक ओरडले तर तो फक्त ३ डेसिबलने उतरतो. ३० टक्के लोक ओरडले तर सुमारे ५ ने, २० टक्के ओरडले तर ७ ने, १० टक्के ओरडले तर १० ने. डेसिबलचं माप लघुगणकी आहे, डोकी मोजून ते चालत नाही.

आता यात रिवाज मिसळा. घरच्या संघाकडे चेंडू आला की घरचे प्रेक्षक गप्प बसतात, म्हणजे क्वार्टरबॅकचा (डाव चालवणाऱ्या खेळाडूचा) आवाज सगळ्यांना ऐकू यावा. तेवढ्या वेळात मैदानात ओरडणारं कोण? फक्त पाहुणे. ते ३० टक्के असले तरी यजमानाला पूर्ण भरलेल्या परक्या मैदानापेक्षा अवघा ५ डेसिबल कमी गोंगाट सोसावा लागतो. उलट पाहुण्या संघाकडे चेंडू असताना घरचे ७० टक्के ओरडतात, तो पूर्ण क्षमतेपेक्षा दीड डेसिबल कमी. म्हणजे घरच्या फायद्यातला थोडाच भाग जातो, पण जो तोटा घरी कधी नसतोच तो जवळजवळ पूर्ण गळ्यात पडतो.

कोपऱ्यातला_काका

ध्वनिमापक, हे कागदावर ठीक आहे. पण तुम्ही पाहुणे सगळीकडे सारखे विखुरलेत असं धरलंय. प्रत्यक्षात पाहुण्याला मिळतात ती वरच्या मजल्यावरची तिकिटं. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल घटतो. वरून ओरडणाऱ्याचा सेंटरला (क्वार्टरबॅकला चेंडू मागे देणाऱ्याला) काय त्रास होणार?

ध्वनिमापक

काका, मुद्दा बरोबर, पण दोन दुरुस्त्या. एक, ६ डेसिबलचा नियम उघड्या जागेतल्या एका स्रोताचा. कार्सन उघडं होतं, पण चार्जर्सचं आताचं सोफाय मैदान पारदर्शक छताखाली आहे आणि रेडर्सचं आताचं लास व्हेगसचं अॅलिजंट पूर्ण बंदिस्त. तिथे वरचा आवाज परतून खाली येतो. दोन, पाहुणे वरच असतात हेही नेहमी खरं नाही. खालच्या महागड्या खुर्च्या कंपन्यांच्या आणि दलालांच्या नावावर असतात आणि तीच तिकिटं आधी बाजारात येतात. त्यातून घरच्या ७० टक्क्यांत गप्पा मारायला आलेले, नाचोजच्या रांगेत उभे असलेले बरेच. पैसे खर्चून दुसऱ्या राज्यातून आलेला माणूस घसा फोडायलाच आलेला असतो.

डावा_गार्ड

सायलेंट काउंटमध्ये नेमकं काय होतं ते लिहितो, म्हणजे ५ डेसिबलची किंमत कळेल.

नेहमी क्वार्टरबॅक आवाज देतो आणि ठरलेल्या शब्दावर सेंटर चेंडू मागे देतो. आक्रमणाच्या अकराही जणांना तो क्षण आधी माहीत, बचावाला नाही. आक्रमणाला मिळणारी एकमेव फुकटची गोष्ट ती हीच. गोंगाट झाला की क्वार्टरबॅक सेंटरपासून काही पावलं मागे (शॉटगनमध्ये) उभा राहतो आणि सेंटरशेजारचा गार्ड मान वळवून त्याच्याकडे बघतो. क्वार्टरबॅक पाय उचलतो किंवा हात दाखवतो. गार्ड पुढे वळून सेंटरला थाप मारतो, सेंटर डोकं वर-खाली करतो, मनात एक मोजतो आणि स्नॅप, म्हणजे चेंडू मागे.

यात बिघडतं काय? बचावाची बाहेरची पोरं सेंटरच्या डोक्यावर डोळा ठेवतात आणि दोन-चार वेळा ताल जमला की त्यावर झेप घेतात. त्यांना अडवणारा आपला टॅकल मात्र चेंडू हललेला बघून हलतो, म्हणजे पाव सेकंद मागे. ते टाळायला कधी एका डोलावर, कधी दोन डोलांवर स्नॅप करायचा. मग आपलाच एखादा आधी हलतो, फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड मागे. हार्ड काउंट तर संपलाच, म्हणजे आवाज चढवून बचावाला फसवून ऑफसाइड ओढायची सोय गेली.

शिवाय हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा रेडिओ ४० सेकंदांच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर समोरचा बचाव बघून डाव बदलायचा तर तोंडानेच सांगायचं, आणि ऐकू येत नसेल तर हातवारे. मान वळवलेल्या गार्डला हात दिसतो, टोकाला उभ्या असलेल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) कधी दिसतो, कधी नाही. मग एक गडी एका डावावर आणि बाकीचे दुसऱ्यावर.

चिंचपोकळी_जलद

मग क्लबने स्पीकरवर आपल्या बाजूचा गोंगाट वाजवावा की राव. आमच्याकडे गणपतीत एक मंडळ दुसऱ्याचा आवाज असाच दाबतं.

डावा_गार्ड

अटलांटा फाल्कन्सनी केलं होतं. २०१५ मध्ये लीगने ३,५०,००० डॉलर दंड ठोकला आणि पुढच्या ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) पाचव्या फेरीची निवड काढून घेतली. आणि तुमच्याकडे चेंडू असताना आवाज वाढवून काय करणार? ऐकू तुमच्याच पोरांना येणार नाही.

चिंचपोकळी_जलद

हां. डीजे रद्द.

हिशेबनीस

आता पहिला प्रश्न, तिकिटं जातात कशी.

हंगाम १७ सामन्यांचा. एका वर्षी घरी ८, पुढच्या वर्षी ९. त्यात सरावाचे सामने धरून सीझन तिकिटात १० सामने घ्यावेच लागतात. सरावाच्या सामन्याला कुत्रं फिरकत नाही, पैसे मात्र पूर्ण. समजा खुर्ची १०० डॉलर दराने वर्षाचे १,००० झाले. वेळापत्रक मे महिन्यात जाहीर होतं. त्यात काउबॉइज आणि स्टीलर्स दिसले की ती दोन तिकिटं प्रत्येकी ३०० ला काढली आणि ६०० वसूल. उरलेले आठ सामने ४०० डॉलरमध्ये पडले. हे निष्ठावान चाहतासुद्धा करतो आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

पीएसएल असेल तर हा दाब आणखी वाढतो. पीएसएल म्हणजे नुसता खुर्चीचं तिकीट घेण्याचा हक्क, त्याचे हजारो डॉलर आधी मोजायचे आणि तिकिटाचे वेगळे. एवढे गुंतवलेला माणूस मोठा सामना विकणारच. लास व्हेगसमध्ये यावर आणखी एक थर आहे: पाहुण्याला सुट्टीचं निमित्त हवंच असतं. सामना, हॉटेल, जुगार, सगळं एका शनिवार-रविवारात. रेडर्स २०२० मध्ये तिथे गेले, अॅलिजंट ६५,००० चं आहे, आणि पाहुण्यांच्या जर्सी तिथे दर सामन्याला ठळक दिसतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. युरोपी फुटबॉलसारखा पाहुण्यांचा वेगळा कप्पा इथे नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना ३,००० किंवा मैदानाच्या १० टक्के, जे कमी असेल तेवढीच तिकिटं मिळतात. वेगळं दार, वेगळा स्टँड. इथे पाहुणा कुठेही बसतो आणि किती बसावेत याला मर्यादा एकच, त्याचं पाकीट.

गोदाकाठ

हिशेबनीस, मालकाला याचं दुःख असतं का? माझा अंदाज, नसतं.

हिशेबनीस

फारसं नसतं. टीव्हीचा पैसा ३२ क्लबांत सारखा वाटला जातो. तिकीट उत्पन्नातले ६६ टक्के यजमानाकडे राहतात, ३४ टक्के सामायिक पेटीत जाऊन सगळ्यांत वाटले जातात. खुर्चीवर कुठल्या रंगाची जर्सी बसली याचा या हिशेबात रकानाच नाही. पार्किंग आणि बियर पाहुणाही घेतो. चार्जर्स तर सोफायमध्ये वर्षाला १ डॉलर भाड्याने राहतात, मैदान रॅम्सच्या मालकाचं, स्टॅन क्रोंकी यांचं.

पूर्वी तर उलटी गरज होती. १९७३ पासून नियम असा की सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं खपली नाहीत तर स्थानिक टीव्हीवर सामना बंद. हा नियम लीगने २०१५ मध्ये स्थगित केला. तोवर पाहुण्याने खुर्ची भरली म्हणजे गावाला टीव्हीवर सामना दिसला, असे उपकारच.

कोपऱ्यातला_काका

मग प्रेक्षकांचा एवढा फरक पडतो याला पुरावा काय? २०२० मध्ये करोनामुळे बहुतेक मैदानं रिकामी होती, यजमान १२७ जिंकले, १२८ हरले, १ बरोबरीत. ठीक. पण २०१९ मध्ये मैदानं भरलेली असतानाही यजमानांचं प्रमाण जेमतेम ५२ टक्के होतं. म्हणजे घरचा फायदा करोनाच्या आधीपासूनच उतरतोय.

डावा_गार्ड

काका, तुमचा आकडा माझ्या बाजूचा आहे. सायलेंट काउंटचा सराव आता सगळेच संघ आठवडाभर मोठे स्पीकर लावून करतात, त्यामुळे परक्या मैदानाचा त्रास कमी झाला. पण हा सराव परक्या मैदानाच्या आठवड्यात करतात. घरच्या सामन्याच्या आठवड्यात तो वेळ दुसऱ्या कामाला जातो, आणि रविवारी अचानक गरज पडली की मजा होते. ९ जानेवारी २०२२ ला सोफायमध्ये रॅम्सचं तेच झालं. १७-० पुढे होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनायनर्सच्या लाल गर्दीचा आवाज वाढत गेला, रॅम्सना घरीच सायलेंट काउंटवर जावं लागलं आणि जादा वेळेत २४-२७ हरले. सगळं आवाजाने झालं असं मी म्हणत नाही.

गोदाकाठ

आणि त्यानंतरचा भाग तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तीन आठवड्यांनी तेच दोन संघ, तेच मैदान, कॉन्फरन्सची (लीगच्या अर्ध्या भागाची) अंतिम लढत. रॅम्सनी तिकीटविक्री लॉस एंजेलिस परिसरातल्या पत्त्याच्या क्रेडिट कार्डांपुरती ठेवली. तरी लाल रंग भरपूर आला. कारण बंधन पहिल्या विक्रीला लागतं. एकदा तिकीट स्थानिक माणसाच्या फोनमध्ये गेलं की ते पुनर्विक्रीच्या बाजारात कोणालाही जातं. शिवाय फॉर्टीनायनर्सचे चाहते लॉस एंजेलिसमध्येच राहतात, त्यांचा पत्ता चोख. (रॅम्स तो सामना २०-१७ जिंकले, हा भाग वेगळा.)

सिअॅटलच्या संघाने जानेवारी २०१४ मध्ये हेच केलं होतं, विक्री फक्त वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो, मोंटाना, अलास्का, हवाई आणि कॅनडाचे दोन प्रांत इथल्या पत्त्यांना. नेवाडातल्या एका चाहत्याने ५ कोटी डॉलरचा दावा लावला, तो कोर्टात टिकला नाही. तिथे बंधन चाललं, पण मुळात तिथे घरच्यांचीच मागणी प्रचंड होती. जिथे गरज नसते तिथेच ते चालतं.

शेवटची_रांग

रॅम्सचा विषय निघालाच आहे तर: १३ फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल सोफायमध्येच झाला आणि कागदोपत्री रॅम्स 'पाहुणे' होते, यजमान सिनसिनाटी. स्वतःच्या घरी अधिकृत पाहुणा होऊन जिंकणं यालाच नशीब म्हणतात.

एव्हान्स्टनची_वाट

कॉलेज फुटबॉलचा उल्लेख नाही म्हणून लिहिते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ बघा. पदवीचे विद्यार्थी साधारण ८,०००, जुनं मैदान, रायन फील्ड, ४७,१३० चं. शेजारी शिकागो, आणि आसपासच्या राज्यांतल्या मोठ्या विद्यापीठांतून शिकलेली पोरं नोकरीला येतात ती शिकागोतच. ओहायो स्टेट, मिशिगन, आयोवा, नेब्रास्का यांपैकी कोणी आलं की त्यांचे माजी विद्यार्थी लोकलने मैदानात. ते पाडून बांधायला घेतलेलं नवीन मैदान मुद्दाम सुमारे ३५,००० चंच ठरवलं. रिकाम्या खुर्च्या हेच पाहुण्यांना आमंत्रण असतं, त्या कमी केल्या की आमंत्रणं कमी.

मोठ्या नावांचंही होतं. ९ सप्टेंबर २००० ला नोत्र दाम विद्यापीठाच्या मैदानात नेब्रास्काचा लाल रंग इतका होता की यजमान ओशाळले. सामनाही २७-२४ असा नेब्रास्कानेच नेला.

वाटणी चोख कुठे होते, तर टेक्सास–ओक्लाहोमा या विद्यापीठांच्या सामन्यात. डॅलसचं कॉटन बोल मैदान ५० यार्डांच्या रेषेवर अर्धं केशरी, अर्धं किरमिजी. तिथे आवाज मैदानाच्या टोकानुसार बदलतो. समोर आपलं टोक असेल तर ऐकू येतं, त्यांचं असेल तर नाही, आणि सामन्याचा प्रत्येक चतुर्थांश संपला की बाजू बदलतात. त्यामुळे नाणेफेकीत कुठली बाजू घ्यायची यालाही अर्थ येतो.

निळा_झब्बा

अवांतर. आयपीएलमध्ये हे नेहमीचं. १४ एप्रिल २०२४, वानखेडेवर धोनीने शेवटच्या षटकात सलग तीन षटकार मारले तेव्हा वानखेडे कोणाचं होतं? आणि २०१८ मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंजेला हलवले, तेव्हा चेन्नईहून पुण्याला चाहत्यांची खास रेल्वे आली होती. गहुंजेत पिवळा समुद्र.

मोनोंगहेला_घाट

निळा_झब्बा, अवांतर नाही, पण फरक आहे. तिथे गर्दी एका माणसामागे जाते. धोनी थांबला की पिवळा किती उरतो ते दिसेल. इथे क्वार्टरबॅक बदलतात, टॉवेल तोच राहतो. शिवाय क्रिकेटमध्ये गोंगाटाने गोलंदाजाचा रनअप चुकत नाही. इथे तो थेट ५ यार्डांचा दंड होतो.

प्रवासी_पक्षी

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. तिकीट फोनमधलं, बारकोड सतत बदलतो, स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. मैदानाबाहेर नेटवर्क झोपतं म्हणून तिकीट आधीच फोनच्या वॉलेटमध्ये टाका. पिशवी पारदर्शक, १२ × ६ × १२ इंचांपर्यंत, नाहीतर गाडीत परत. हंगामाच्या शेवटच्या आठवड्याची वार-वेळ त्याच्या आदल्या आठवड्यातच ठरते आणि आधीचे सामनेही दुपारवरून रात्री सरकतात, म्हणून परतीचं विमान सोमवार दुपारचं. एकत्र बसायचं असेल तर पाहुण्यांच्या बाकामागची बाजू बघा, तिथे आपलेच लोक सापडतात. मायामीत मात्र सांभाळून. तिथे सावली घरच्या बाकावर आणि ऊन पाहुण्यांच्या, सप्टेंबरात टोपी आणि पाणी लागेलच.

भाव कधी पडतो हे विचाराल तर साध्या सामन्याचा शेवटच्या दोन दिवसांत पडतो. फिरस्ते चाहते असलेल्या संघाचा पडेल म्हणून थांबू नका.

पाचवा_डाउन

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. तिसरा अजून लोंबकळतोय: पत्त्याचं बंधन गळतं, मग क्लबने करायचं काय?

हिशेबनीस

जोडतिकीट. हॉकीत नॅशव्हिलने शिकागोच्या चाहत्यांविरुद्ध २०१३ पासून वापरलं: शिकागोच्या सामन्याचं सुटं तिकीट नाही, सोबत आणखी एका सामन्याचं घ्यावंच लागेल. पाहुण्याला भाव दुप्पट पडतो, स्थानिकाला दुसरा सामना कामाचा असतो. पण फुटबॉलमध्ये घरचे सामने आठ-नऊच, सुटी तिकिटं मुळात थोडी. दुसरा उपाय म्हणजे जे खातं वर्षभर सगळेच सामने विकतं त्याचं नूतनीकरण नाकारायचं. काही क्लब ते करतात. मात्र रांगेत दुसरा स्थानिक उभा असेल तरच ते परवडतं. ग्रीन बे पॅकर्सच्या प्रतीक्षायादीत लाखावर नावं आहेत, त्यांना जमेल. चार्जर्सनी दलालाचं खातं बंद केलं तर ती खुर्ची घेणार कोण?

गोदाकाठ

म्हणजे उरतो तो वेळ. २१ हंगाम मोकळ्या राहिलेल्या शहरात २०१७ नंतर जन्मलेली पोरं तिकीट घेण्याच्या वयाची व्हायला हवीत, आणि तोवर अधूनमधून जिंकायलाही हवं.

शेवटची_रांग

म्हणजे माझं एका ओळीचं उत्तर अजून दहा-पंधरा वर्षं तरी चालेल.